दिव्या देशमुखचे डाव अभ्यासायला लिचेस कसं आहे?

दिव्या देशमुखचं कौतुक सगळीकडे झालं, तिचे डाव मात्र फार थोड्यांनी पटावर मांडून पाहिले. नागपूरची मुलगी, जन्म 9 डिसेंबर 2005. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. स्पर्धेला बसली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी, नव्हता. बातमीत एवढं येतं. पण बुद्धिबळ शिकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला यातून काय मिळणार? त्याला हव्या असतात चाली, प्रत्येक चालीला लागलेला वेळ, आणि चूक कुठे झाली ते दाखवणारं कोणीतरी.

त्यासाठी आज सगळ्यात सोयीची जागा म्हणजे लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट. ही पाहणी याच एका कामापुरती आहे: एखाद्या तरुण खेळाडूची कारकीर्द डावांमधून समजून घ्यायची असेल तर ही साइट कितपत उपयोगी पडते, आणि कुठे फसवते.

आधी पैशांचं. लिचेस पूर्ण फुकट आहे. 2010 मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने ती सुरू केली, आता ती फ्रान्समधल्या एका ना-नफा संस्थेकडे आहे, आणि देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत. देणगी दिली तर नावापुढे पंखाचं छोटं चिन्ह येतं, बस. जादा सोय एकही उघडत नाही, कारण कुलूपच कशाला नाही. क्लासच्या फीचा विचार करणाऱ्या पालकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या मोठ्या साइटवर डावांचं सविस्तर परीक्षण हवं तितक्या वेळा करायचं तर सदस्यत्व घ्यावं लागतं. मराठीतही लिचेस दिसतं, पण भाषांतर अर्धवट आहे. एका मेन्यूत तीन शब्द मराठी आणि चौथा इंग्रजी. मुलांना इंग्रजीच लावून द्या. पुढे स्पर्धेत, पुस्तकात तेच शब्द भेटणार आहेत.

डाव कुठून मिळवायचे? इथे पहिला गोंधळ होतो. बहुतेक जण ॲनालिसिस बोर्डवरचं पुस्तकाचं चिन्ह दाबून ‘मास्टर्स’ उघडतात आणि तिथे दिव्याचं नाव शोधत बसतात. मास्टर्समध्ये 1952 पासूनचे, 2200 आणि वरच्या रेटिंगच्या खेळाडूंचे पटावरचे डाव आहेत, पण तिथे खेळाडूच्या नावाने शोधता येत नाही. ते चालीनुसार उघडतं: अमुक स्थितीत मास्टर लोक काय खेळले, किती जिंकले, किती बरोबरीत सुटले. शेजारचा ‘प्लेअर’ हा टॅब लिचेसवरच्या खात्यांसाठी आहे, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, यादीतल्या नावांसाठी नाही.

बरोबर रस्ता ब्रॉडकास्ट विभागातून जातो. तिथे फिडे खेळाडूंची यादी आहे. नाव टाकलं की त्या खेळाडूचं पान उघडतं: रेटिंग, आणि लिचेसवरून प्रक्षेपित झालेल्या स्पर्धा व डाव. खेळाडूला फॉलो केलं की नवा डाव सुरू झाल्यावर सूचना येते. तिथून स्पर्धेच्या पानावर जाऊन फेरीचे किंवा पूर्ण स्पर्धेचे डाव पीजीएन स्वरूपात, म्हणजे चालींच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, उतरवता येतात.

मर्यादाही इथेच लक्षात येते. प्रक्षेपण झालं त्या स्पर्धा मिळतात, बाकीच्या नाहीत. दिव्याने 2014 मध्ये डर्बनला दहा वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवलं, 2017 मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील. तेव्हाचे डाव या पानावर सापडतील अशी आशा धरू नका. लहानपणीच्या डावांत खेळाडूंचं रेटिंग 2200 नसतं, म्हणून मास्टर्समध्येही ते येत नाहीत. म्हणजे बालप्रतिभेचा जो काळ पाहायची सर्वांना उत्सुकता असते, नेमक्या त्या काळात लिचेस मुकं आहे. ते डाव इतर डेटाबेसमधून पीजीएन आणून आत टाकावे लागतात.

कोणत्या स्पर्धा घ्यायच्या, हा निर्णय मात्र तुमचा. सगळं गोळा करू नका. आमच्या मते तीन गठ्ठे पुरेत. पहिला, 2023 मधली कोलकात्याची टाटा स्टील रॅपिड. महिला गटात मानांकनात सर्वात खाली असून ती जिंकली, आणि वेगवान डावातली तिची आक्रमक वृत्ती तिथे दिसते. दुसरा, 2024 मधलं बुडापेस्ट ऑलिंपियाड: तिसऱ्या पटावर 11 डावांत 9.5 गुण, वैयक्तिक सुवर्ण आणि संघालाही सुवर्ण. त्याच वर्षी गांधीनगरला कनिष्ठ मुलींच्या जागतिक स्पर्धेत 11 पैकी 10 गुण आहेत. पण तिथे पुष्कळ प्रतिस्पर्धी तिच्यापेक्षा कमी ताकदीच्या होत्या, म्हणून शिकायला ऑलिंपियाडचे डाव अधिक चांगले. तिसरा गठ्ठा बातुमी.

बातुमीचा गठ्ठा सगळ्यात श्रीमंत आहे. 15वं मानांकन असल्याने ती थेट दुसऱ्या फेरीपासून खेळली. चौथ्या फेरीत चीनची झू जिनर, उपउपांत्य फेरीत भारताचीच हरिका द्रोणवल्ली, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी आणि अंतिम फेरीत हंपी. प्रत्येक फेरीत दोन पारंपरिक डाव, बरोबरी राहिली तर रॅपिड. हंपीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, पहिला रॅपिडही बरोबरीत, आणि दुसरा दिव्याने काळी मोहरी घेऊन जिंकला. 19 वर्षांची मुलगी आणि 38 वर्षांची, 2002 पासूनची ग्रँडमास्टर. हे सगळे डाव एकाच ‘स्टडी’त, म्हणजे डाव आणि टिपा एकत्र ठेवायच्या जागेत, बसतात.

स्टडी हे लिचेसचं खरं सोनं. एका स्टडीत 64 चॅप्टर मावतात. नवा चॅप्टर घेताना पीजीएनचा टॅब उघडून तिथे सगळे डाव एकदम चिकटवा, प्रत्येक डावाचा आपोआप वेगळा चॅप्टर होतो. स्टडीचं नाव ‘दिव्या’ एवढंच ठेवलंत तर दोन महिन्यांत पसारा होईल. स्पर्धा आणि मोहऱ्यांचा रंग नावातच घाला: ‘बातुमी 2025, काळी’. दृश्यता ‘प्रायव्हेट’ किंवा ‘अनलिस्टेड’ ठेवा. मुलांनी लिहिलेल्या टिपा जगाला दाखवायची गरज नाही.

आता एक काम आधी करा, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, बंद. कीबोर्डवर एल दाबलं की स्टॉकफिश हे इंजिन चालू-बंद होतं. आम्ही या साइटला पूर्ण गुण दिले नाहीत, त्याचं कारण हेच बटण आहे. चालू इंजिनसमोर बसलेलं मूल विचार करत नाही, बाण बघतं. कोणाचं पारडं जड ते दाखवणाऱ्या शेजारच्या पट्टीवर +0.3 चं -0.9 झालं की ‘ब्लंडर!’ (घोडचूक) ओरडतं आणि पुढची चाल दाबतं. तीस चालींचा डाव चार मिनिटांत संपतो, डोक्यात काही राहत नाही. ब्रॉडकास्ट बघतानाही मूल्यमापनाची पट्टी सेटिंगमधून बंद करता येते, ती करा. पट्टी दिसत नसली की मुलं पटाकडे बघायला लागतात.

चॅप्टर तयार करताना किंवा नंतर बदलताना ‘ॲनालिसिस मोड’ नावाचा पर्याय दिसतो. त्यात चार गोष्टी आहेत: नेहमीचं विश्लेषण, संगणकाशी सराव, पुढच्या चाली लपवणं आणि इंटरॅक्टिव्ह लेसन. घरी एकट्याने अभ्यास करायचा तर ‘पुढच्या चाली लपवा’ लावा. मूल एक चाल ठरवतं, वहीत लिहितं, मग बाण दाबून दिव्याची चाल बघतं. वही हवीच. फक्त मनात ठरवलं की माणूस उत्तर बघून म्हणतो, ‘हेच मला वाटलं होतं.’

शिकवणाऱ्यासाठी इंटरॅक्टिव्ह लेसन त्याहून वरचढ आहे, पण तो बांधताना बरेच जण चुकतात. रीत अशी.

पूर्ण डाव धडा म्हणून घेऊ नका. सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली ओपनिंगच्या तयारीच्या असतात, त्या ‘ओळखायला’ लावणं म्हणजे पाठांतराची परीक्षा. डावातली ज्या क्षणी निर्णय घ्यायचा होता ती स्थिती शोधा. पटाखाली शेअरच्या टॅबमध्ये एफईएनची ओळ असते (त्या क्षणीची पूर्ण स्थिती एका ओळीत), ती कॉपी करा. नवा चॅप्टर, एफईएनचा टॅब, ओळ चिकटवा. ‘ओरिएंटेशन’ मध्ये ज्या बाजूच्या चाली मुलाने शोधायच्या ती बाजू निवडा. हंपीविरुद्धच्या निर्णायक रॅपिडसाठी काळी. हे विसरलात की पांढरी बाजू खाली राहते, मुलाला हंपीच्या चाली शोधाव्या लागतात, आणि दिव्याच्या चाली धडा आपोआप खेळून टाकतो. नव्या शिक्षकांचा सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो, कारण पट बरोबर दिसतो आणि धडा मात्र उलटा चालतो.

मग मुख्य ओळीत चाली भरा. मुख्य ओळ म्हणजे बरोबर उत्तर. आता मूल जी चुकीची चाल खेळण्याची शक्यता आहे, ती फाटा म्हणून जोडा आणि तिच्याखाली टिपण लिहा. ‘चूक’ एवढंच नको. ‘हत्ती घेतलास तर पांढऱ्याचा वजीर मागच्या रांगेत शह देतो, मग काय?’ असं लिहा. मुलाने तीच चाल खेळली की टिपण समोर येतं आणि पुन्हा प्रयत्न करायला सांगतं. फाट्यात नसलेली चाल खेळली तर एक सर्वसाधारण संदेश दिसतो, तोही तुम्हाला लिहिता येतो. सूचनेचा वेगळा रकाना आहे. एका धड्यात पाच ते सात चाली पुरे. त्याहून लांब धडा मुलं अर्ध्यावर सोडतात. आणि एकापेक्षा जास्त बरोबर चाली असतील अशी स्थिती धड्यासाठी घेऊच नका. चांगल्या चालीला ‘चूक’ म्हणणारा धडा मुलाचा विश्वास घालवतो. इंजिन शिक्षकाने इथे लावावं: पाच ओळी एकदम दाखवता येतात, पहिली आणि दुसरी यांत मोठं अंतर असेल तरच ती स्थिती धड्याला योग्य.

पटावर उजव्या क्लिकने बाण काढता येतात. साधा बाण हिरवा, शिफ्ट धरून लाल, ऑल्ट धरून निळा, दोन्ही धरले तर पिवळा. हे बाण टिपणासोबत जतन होतात. रंगांचा एक नियम ठरवून घ्या, म्हणजे धमकी लाल, योजना हिरवी. नाही तर दहाव्या चॅप्टरपर्यंत रांगोळी होते.

पीजीएनमध्ये घड्याळाची नोंद असली की प्रत्येक चालीला किती वेळ उरला होता ते पटाशेजारी दिसतं. हा भाग बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि दिव्याच्या बातुमीतल्या वाटचालीत तोच महत्त्वाचा आहे. रॅपिडमध्ये 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 10 सेकंदांची भर. घड्याळात अर्धा मिनिट उरलेला खेळाडू आणि तीन मिनिटं उरलेला खेळाडू एकाच स्थितीत वेगळे निर्णय घेतात. इंजिनला ते कळत नाही, त्याच्या लेखी दोघांनाही अनंत वेळ आहे. ‘एवढी सोपी चाल कशी चुकली’ असं मुलाने विचारलं की बोट घड्याळाच्या आकड्यावर ठेवा.

तान झोंगयीविरुद्धचा दुसरा डाव लिचेसच्या आणखी एका सोयीसाठी घ्यावा. 101 चाली. दिव्याने तो जिंकला आणि सामना 1.5-0.5 असा खिशात टाकला. पुस्तकाचं चिन्ह उघडं ठेवून लांब एंडगेमच्या, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या टप्प्याच्या, शेवटाकडे जात राहिलं की पटावर सात किंवा कमी मोहरी उरताच ओपनिंगची आकडेवारी जाते आणि टेबलबेस येतो. प्रत्येक कायदेशीर चाल जिंकणारी, बरोबरीची की हरणारी, हे तिथे पक्कं लिहिलेलं असतं. अंदाज नाही, पूर्ण गणित. सातमध्ये राजे आणि प्यादीही मोजायची, हे मुलांना सांगावं लागतं.

मात्र चालींपुढच्या ‘डीटीझेड’ या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. डीटीझेड 12 म्हणजे बारा चालींत मात नव्हे. 50 चालींच्या नियमाची (मोहरा न मारता, प्यादं न हलवता 50 चाली झाल्या तर बरोबरी मागता येते) मोजणी पुन्हा शून्यावर आणणारी चाल, म्हणजे मोहरा मारणं किंवा प्याद्याची चाल, किती दूर आहे, हे तो आकडा सांगतो. म्हणून टेबलबेसची ‘सर्वोत्तम’ चाल कधीकधी माणसाला विचित्र वाटते. उगाच प्यादं देऊन टाकते, कारण त्याने मोजणी शून्य होते. मुलाने ती नक्कल करू नये. जिंकणाऱ्या चाली कोणत्या तेवढं टेबलबेसमधून बघा, त्यातली कुठली खेळायची ते दिव्याकडून.

प्रक्षेपणाच्या डावांत एक गंमतशीर खोड आहे, ती माहीत नसेल तर डोकं खाते. इलेक्ट्रॉनिक पटावर डाव संपला की निकाल कळवण्यासाठी राजे मधल्या चौकटींवर ठेवतात: पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला तर काळ्या घरांवर, बरोबरी झाली तर एक पांढऱ्या, एक काळ्या. कधीकधी पट राजाचं हे हलणं चाल समजून नोंदवतो, मग शेवटी ‘राजा डी4’ सारखी भलतीच चाल चिकटते. इंजिन तिच्यावर मोठा लाल ठपका ठेवतं आणि मूल विचारतं की जिंकलेल्या डावात राजा असा का पळाला. शेवटची चाल संशयास्पद दिसली तर ती काढून टाका, मगच विश्लेषण मागवा.

आपली चाचपणी झाल्यावर, अगदी शेवटी, संगणक विश्लेषण मागवा. लिचेसच्या सर्व्हरकडे डाव जातो, स्वयंसेवकांनी जोडलेली यंत्रं तो तपासतात, गर्दी असेल तर थोडं थांबावं लागतं. रोजच्या विनंत्यांवर मर्यादा आहे, एका घरातल्या मुलाला ती कधी अडणार नाही, क्लासला अडू शकते. ‘इनॲक्युरसी’, ‘मिस्टेक’ आणि ‘ब्लंडर’ हे शिक्के जिंकण्याची शक्यता किती घसरली त्यावर बसतात. आधीच जिंकलेल्या डावात +9 चं +8 झालं तर शिक्का बसत नाही, आणि ते योग्यच आहे. ब्राउझरमधल्या इंजिनपेक्षा हे विश्लेषण बरं, कारण साध्या मोबाइलवर स्टॉकफिश पाच मिनिटं चालवलं की फोन तापतो आणि ते फार पुढच्या चालींपर्यंत पोचतही नाही.

मोबाइलवर स्टडी बघणं ठीक, बांधणं वैताग. फाटा जोडायला जावं आणि मुख्य ओळच बदलावी, असं होतं. लॅपटॉप नसेल तर निदान टॅबलेट घ्या.

मूल स्वतःच्या खात्यावर बसणार असेल तर सेटिंगमधला ‘किड मोड’ आधी चालू करा. गप्पा, निरोप, फोरम सगळं बंद होतं, खेळ आणि अभ्यास तेवढा राहतो. रेटिंगबद्दलही घरात एकदा बोलून घ्या. लिचेस प्रत्येकाला 1500 वर सुरू करतं, आणि पुरेसे डाव होईपर्यंत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. फिडेचं किमान रेटिंग मार्च 2024 पासून 1400 आहे. हे दोन आकडे वेगळ्या लोकांमधले, वेगळ्या मोजणीचे. लिचेसवर 1900 झालेला मुलगा जिल्हा स्पर्धेत 1450 वाल्याकडून हरला तर घरी धक्का बसायचं कारण नाही.

कोड्यांचा विभाग वेगळ्या पाहणीचा विषय आहे. इथल्या कामापुरतं: कोडी विषयवार आणि ओपनिंगनुसारही मिळतात. दिव्याच्या डावात हत्तीचं एंडगेम पाहिलं की त्याच दिवशी त्याच विषयाची दहा कोडी सोडवा, अवघडपणा ‘नॉर्मल’ ठेवून. कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं, डावात कोणी सांगत नाही, हा फरक कायम राहतो. ‘स्टॉर्म’ आणि ‘रेसर’ हे घड्याळावरचे प्रकार मुलांना आवडतात, त्यातून हात चालतो, विचार नाही. आठवड्याला एकदा पुरे.

कोणाला द्यावं, कोणाला नको? मोहऱ्यांच्या चाली नुकत्या शिकलेल्या मुलाला दिव्याचे डाव देऊ नका, त्याला ‘लर्न’ विभागातले छोटे धडे बरे. साधे दोन-तीन चालींचे डावपेच ओळखता येणाऱ्या, रोज अर्धा तास बसू शकणाऱ्या मुलाला आठवड्याला दोन डाव पुष्कळ झाले. शिक्षकाची जागा ही साइट घेत नाही. टिपणं तुम्ही लिहाल तेवढीच, दिव्याने ती चाल का खेळली हे लिचेस सांगत नाही, फक्त तिची किंमत सांगतं.

एक शेवटची सवय: स्टडीच्या शेअर टॅबमधून महिन्याला एकदा सगळे चॅप्टर पीजीएन म्हणून उतरवून ठेवा. टिपणं, फाटे आणि बाण त्यातच येतात. स्टडी चुकून पुसली गेली तर परत मिळवून देणारं कोणी नाही. विश्वचषकाने तिला 2026 च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळाली. तिथले डाव याच गठ्ठ्यात टाकू नका, नवी स्टडी उघडा. बातुमीच्या 64 मध्ये तुमच्या धड्यांनाच जागा लागणार आहे.